स्टॉप बटणाने घेतलेली माझी शाळा

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी शिकतेय असं घरी फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "म्हणजे आपल्याकडचा डिप्लोमाच ना?" बरंचसं हो. असोसिएट डिग्री, साधारण ६० क्रेडिट, फुल टाइम केलं तर दोन वर्षं. मी नोकरी सांभाळून संध्याकाळचे क्लास घेते त्यामुळे माझ्या दोनाचे चार होणारेत (वर्षं हो, हात नाही).

मी फिजिक्सवाली, ओहमचा नियम झोपेत सांगेन, त्यामुळे पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक कॉम्प्युटरच्या) लॅबला जरा ताठ मानेनेच गेले होते. काम अगदी बाळबोध, स्टार्ट दाबलं की मोटर चालू, स्टॉप दाबलं की बंद. लॅडर म्हणजे शिडीसारखा दिसणारा पीएलसीचा प्रोग्रॅम काढला, स्टार्ट नॉर्मली ओपन (एरवी तुटलेला, दाबल्यावर जोडणारा), त्याला पॅरलल सील-इन कॉन्टॅक्ट म्हणजे बटण सोडलं तरी मोटर चालू राहील, आणि स्टॉप नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा). डाउनलोड केलं, स्टार्ट दाबलं, मोटर ढिम्म. फ्यूज बघितला, मीटर लावून २४ व्होल्ट बघितले, सगळं ठीक. अर्धा तास गेला. मग सर मागून येऊन एवढंच म्हणाले, स्टॉपला कुणी हात लावलेला नाही, मग त्याच्या इनपुटचा दिवा का पेटलाय?

आणि डोक्यात ट्यूब पेटली. पॅनेलवरचं बटणच मुळात नॉर्मली क्लोज्ड आहे, त्यातून २४ व्होल्ट सतत येतायत, म्हणजे पीएलसीत त्या इनपुटचा बिट कायम १. आणि मी प्रोग्रॅममध्ये लावलेला नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट बिट ० असेल तरच पुढे जाऊ देतो. म्हणजे तिथे ओपनचं चिन्ह हवं! मग बटणच नॉर्मली ओपन लावा की, कशाला हा उलटा कारभार, असं मी म्हटलं. त्यावर सरांनी मोटर चालू केली आणि स्टॉपची वायर टर्मिनलमधून काढली. मोटर थांबली. म्हणाले, वायर तुटली तरी मशीन थांबलंच पाहिजे, ओपन बटण असतं तर तुटलेल्या वायरचं स्टॉप दाबत बसली असतीस आणि मोटर फिरतच राहिली असती. हे मला पुस्तकात वाचून इतकं कधीच लागलं नसतं.

बाकी गणित असतं, पण आमच्या कोर्सला भर अल्जिब्रा-ट्रिगवर, कॅल्क्युलस कमी. इथेच एक गोम आहे, जी मला ॲडमिशनच्या वेळी कुणी धड सांगितली नाही. एएएस (असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स) डिग्री मुख्यतः नोकरीसाठी, तिचे सगळे क्रेडिट चार वर्षांच्या इंजिनिअरिंग डिग्रीला धरतीलच असं नाही. इंजिनिअरिंग आणि इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी हे दोन वेगळे रस्ते आहेत, अशा कोर्सना मान्यता देणाऱ्या एबीईटी या संस्थेचीसुद्धा दोघांसाठी वेगवेगळी कमिशन आहेत. पुढे ट्रान्सफर करायचं असेल तर ज्या युनिव्हर्सिटीत जायचंय तिलाच आधी विचारा, लेखी घ्या. मला हे दुसऱ्या सेमिस्टरला कळलं, तोवर दोन विषय होऊन गेले होते.

असो. त्या लॅबचा रिपोर्ट काल परत आला. मोटर चालली, लॅडर बरोबर, तरी तीन मार्क गेले. वायरला नंबर लावायचे राहिले होते.