दिवाळी ते रंगपंचमी : मोझॅकच्या वहीतली नवी पानं

मागची नोंद लिहिली तेव्हा पाऊस चालू होता आणि वहीत नुसत्या गच्च्या आणि जिने भरले होते. त्यावर दोघातिघांनी विचारलं, नाशिकमध्ये मोझॅक बघायला आहेच काय? प्रश्न रास्त आहे. आपलं गाव काळ्या दगडाचं. काळारामाचं देऊळ घ्या नाहीतर गोदाकाठच्या जुन्या पायऱ्या, सगळं बेसाल्टचं. इथे कुणाची आठवण ठेवायची तर ती कोरायची पद्धत. रंगीत तुकडे जोडून चित्र करायची नाही.

तरी मोझॅक हा शब्द इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तीसचाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याही सोसायटीत पायाखाली मोझॅक टाइलच असते. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा घालून दाबलेली, पाण्यात मुरवलेली आणि बसवल्यावर मशीनने घासून गुळगुळीत केलेली. वर गच्चीवर चायना मोझॅक : कोब्यावर पांढऱ्या चकचकीत टाइलचे फुटके तुकडे, ऊन परतवायला आणि पाणी अडवायला. ते बसवणाऱ्या माणसाला कुणी कलाकार म्हणत नाही. पण हातात येईल तो वेडावाकडा तुकडा शेजारच्याशी जुळवून लावायचा, मधली फट सगळीकडे सारखी ठेवायची, हेच तर काम बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधल्या बाकांवर आहे. चंदीगडला नेकचंद यांनी फुटक्या बांगड्यांतून आणि टाइलांतून माणसं उभी केली, तीही याच हिशेबाने. रस्त्याच्या कामावरचा एक निरीक्षक रात्री-अपरात्री गुपचूप हे करत राहिला आणि १९७६ मध्ये ती बाग, रॉक गार्डन, लोकांना खुली झाली. मी ती पाहिली आणि परत आल्यावर सर्वांत आधी आमच्या गच्चीवर जाऊन बसले. ही वही तिथून सुरू झाली.

नव्याने आलेल्यांसाठी माझी पद्धत सांगते. प्रत्येक ठिकाणचे तीन फोटो : लांबून, हाताच्या अंतरावरून आणि तिसरा फक्त दर्जांचा. गवंडी दोन दगडांमधल्या किंवा दोन लाद्यांमधल्या फटीला दर्ज म्हणतात. पहिली दोन वर्षं मी फक्त रंग टिपत होते. आता आधी दर्ज बघते, कारण सगळा इतिहास तिथे असतो. मूळ काम पांढऱ्या सिमेंटचं आणि मध्येच करडा पट्टा दिसला, तर तिथे कधीतरी तुकडे निघाले आणि कुणीतरी ते परत बसवले. दर्जा मोकळ्या पडून तिथे शेवाळ धरलं असेल, तर ती जागा आता कुणाचीच नाही. स्मारकांच्या बाबतीत तर हे फार खरं आहे. हार वर्षातून एकदा चढतो, पण दर्ज कुणी भरली हे वर्षभर दिसत राहतं.

दिवाळीनंतर पहिली फेरी पांडवलेण्याची. लहानपणी सहलीला गेलेली सगळी माणसं २४ लेणी बघून आणि दमून खाली येतात. मी यावेळी फक्त तिसऱ्या लेण्यात गेले आणि दीड तास तिथेच होते. ओवरीच्या मागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. नातू पुळुमावी गादीवर येऊन १९ वं वर्ष चालू आहे आणि ही आजी आपल्या मुलाबद्दल, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल, ओळीमागून ओळ सांगते आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपान क्षत्रपाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला, तो आईची सेवा करणारा होता. शेवटी लेणं भिक्षूंना दान दिल्याची नोंद. इतिहासाच्या पुस्तकात याचा उपयोग राज्याच्या सीमा ठरवायला होतो. मला तिथे उभं राहून ते आईने केलेलं स्मारक वाटलं, आपल्या शहरातलं सगळ्यात जुनं. आणि त्यात एकही दर्ज नाही. अखंड डोंगर आहे, जोडलेलं काहीच नाही. म्हणून डागडुजीही नाही, फक्त झीज. फोटो तिरप्या उजेडात काढा. उजेड कडेने आला की अक्षरं उठून दिसतात, समोरून आला की ती भिंतीत बुडतात.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे आणि शेजारी बुद्ध स्मारक. फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मले, पुढे त्यांनी आपली चित्रपटनिर्मिती मुंबईहून नाशिकला आणली आणि १९४४ मध्ये इथेच गेले. वर दोन हजार वर्षांमागची आई, खाली शंभर वर्षांमागचा फाळके नावाचा माणूस, आणि मधून मुंबई-आग्रा रस्त्याचा आवाज.

२१ डिसेंबरला सकाळी हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर गेले. बरेच जण अजून गोल्फ क्लब मैदानच म्हणतात. १९०९ साली याच तारखेला कान्हेऱ्यांनी विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तेव्हा त्यांना अठरावंही पुरं झालेलं नव्हतं. १९ एप्रिल १९१० रोजी कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासोबत ठाण्याच्या तुरुंगात फाशी. मैदानात मुलं नेट लावून बॉलिंग करत होती, कडेने ज्येष्ठ मंडळी चालत होती. यात मोझॅक काही नाही, तरी वहीत पान दिलं. रोज हजारो पायांनी वापरली जाणारी जागा हेही स्मारक असू शकतं, आणि पुढे आमच्या कॉलनीतल्या कट्ट्याचा निर्णय घेताना मला हीच सकाळ आठवली.

जानेवारीत पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठली. ज्यांना खऱ्या अर्थाने रंगीत काम बघायचंय, त्यांनी कुलाब्याचं अफगाण चर्च चुकवू नये. १८५८ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुलं झालं, उंच मनोरा मात्र १८६५ मध्ये पुरा झाला. आतली टाइलची नक्षी विल्यम बटरफिल्ड या इंग्लिश वास्तुकाराची. जमिनीवरच्या नक्षीत प्रत्येक रंगाचा आकार वेगळा भाजलेला आहे आणि ते आकार एकमेकांत बसवलेत. म्हणजे एका टाइलवर छापलेलं चित्र नाही, जुळणी आहे. दर्ज इतकी बारीक की नख जात नाही. मी गुडघ्यांवर बसून बराच वेळ ते बघत होते.

पण मला धरून ठेवलं ते भिंतीने. हे चर्च सिंध आणि अफगाणिस्तानच्या १८३८ ते १८४३ या मोहिमांत मेलेल्यांचं स्मारक आहे. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं आहेत. आणि साध्या सैनिकांबद्दल लिहिलंय की ते इतके होते की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही. ते वाक्य मी गाडीत परतताना इगतपुरीपर्यंत डोक्यातून काढू शकले नाही. परतल्यावर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या, इंग्लंडच्या मिंटन कारखान्याच्या टाइलांवर लिहायचं होतं, पण ती जमीन पुढच्या नोंदीसाठी ठेवते. तिला स्वतंत्र जागा हवी.

आता कट्टा. आमच्या कॉलनीच्या बागेत लिंबाखाली सिमेंटचा एक कट्टा आहे. करोनाच्या दोन वर्षांत त्यावर रोज बसणारी बरीच माणसं गेली. फलक लावू, असं बैठकीत ठरत होतं. मग नावांवरून वाद झाला : कुणाचं आधी, कुणाचं राहिलं, भाडेकरूंचं घ्यायचं का. मी सुचवलं, नावं नकोतच. प्रत्येक घराने गेलेल्या माणसाच्या वापरातलं एक कपबशी, ताटली, काहीही चिनी मातीचं द्यावं. आपण ते कट्ट्यावर बसवू. आठवड्यात दोन पेट्या भरल्या. एका आजोबांनी पत्नीची दुधाची किटली आणून दिली आणि म्हणाले, "ताई, ही माझ्यासमोर फोडू नका." नाही फोडली त्यांच्यासमोर.

कामाचे तपशील, कारण तुमच्यापैकी काहींना उपयोग होईल. फोडताना गोणपाटात गुंडाळून हातोडीने हलका ठोका, डोळ्यांना गॉगल. नेमका आकार हवा असेल तर निपर, म्हणजे टाइल तोडायची पकड. कडा कार्बोरंडमच्या दगडावर घासायच्या, कारण लोक बसणार आहेत. बशीचा मधला भाग सपाट, कडेचा तुकडा वळणदार, कपाचा तर पुरता गोल. बसायच्या वरच्या बाजूला हे एका पातळीत आणायला उलटी पद्धत घेतली : जाड कागदावर मैद्याच्या खळीने तुकडे पालथे चिकटवायचे, मग अख्खा कागद उलटा करून ओल्या ॲडहेसिव्हवर दाबायचा. ते धरलं की कागद भिजवून सोलायचा. जाडी कमी-जास्त असली तरी ती खाली ॲडहेसिव्हमध्ये जिरते आणि वरचा भाग सपाट येतो. या पद्धतीत डावं उजवं होतं, हे विसरू नका. लिंबाकडे बघणारा राघू कागदावर नीट होता, बसवल्यावर तो फाटकाकडे बघायला लागला. दुसऱ्या पक्ष्याच्या वेळी चित्र आधी आरशात बघून आखलं. कट्ट्याच्या पुढच्या उभ्या बाजूला मात्र सरळ एकेक तुकडा हाताने लावला. तिथे उंचसखल चालतं, उलट प्रकाश चांगला खेळतो. इटलीतल्या रॅव्हेनाच्या सहाव्या शतकातल्या कारागिरांनी काचेचे तुकडे मुद्दाम किंचित तिरपे बसवले ते याचसाठी. किटलीचा कान तिथेच आहे, लहान मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर.

ग्राउटच्या, म्हणजे दर्जा भरायच्या दिवशी एक गवंडीमामा मदतीला आले. आयुष्यभर गच्च्या केलेला माणूस. मी तुकड्यांवरून स्पंज फिरवायला उशीर करत होते. ते म्हणाले, "ताई, दर्ज ओली हाय तवरच तोंड पुसायचं. वाळली की मंग घासत बसा." आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली : फट फार रुंद झाली तर तिथे सिमेंटच दिसतं, चित्र दिसत नाही. दोन तुकड्यांत करंगळीचं नख उभं राहील इतकीच ठेवायची. कट्टा आणि मागची भिंत जिथे भेटतात तिथे त्यांनी सिमेंट भरू दिलं नाही. उन्हाने दोन्ही हलणार, म्हणून तिथे सिलिकॉन.

सगळी घाई होती ती रंगपंचमीची. बाहेरगावच्यांना सांगते, नाशिकला धुळवडीला वीर निघतात, घरोघरचे पूर्वजांचे टाक वाजतगाजत गोदेवर जातात, आणि रंग पाचव्या दिवशी खेळतात. गावातल्या पेशवेकाळच्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, त्याच दिवशी उघडतात. सिमेंटचं ग्राउट रंग पितं. म्हणून ते पाकिटावर दिलेले दिवस पुरते मुरू दिलं, रोज पाणी मारलं आणि पंचमीच्या तीन दिवस आधी सीलरचे दोन हात दिले.

पंचमीला पोरांनी बादल्या घेऊन कट्ट्यालाच तळ केला. संध्याकाळी पाईप लावून धुतलं, सगळं निघालं. किटलीच्या कानाखालच्या एका दर्जेत मात्र पिवळा राहिला. ब्रश तिथे पोचत नव्हता, सीलरही पोचला नसणार. मी दुसऱ्या दिवशी टूथब्रश आणि साबण घेऊन गेले, तर आजोबा तिथेच बसले होते. त्यांनी वाकून पाहिलं, बोट फिरवलं आणि "राहू द्या," म्हणाले.

तिसरा फोटो त्या दर्जेचा काढला आहे. पावसाळ्यानंतर पुन्हा काढेन.