पुढचे ब्रेक घरीच बदलले : पॅड, डिस्क आणि एक जाम झालेली पिन

तर मंडळी, दोन महिने टाळत होतो ते काम या शनिवार-रविवारी उरकलं एकदाचं. गाडीच्या पुढच्या दोन्ही डिस्क (चाकासोबत फिरणारी लोखंडी थाळी) आणि पॅड (ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे). अंदाज होता चार तासांचा, लागला दीड दिवस, आणि त्यातला निम्मा वेळ दोन स्क्रू आणि एका पिनने खाल्ला.

सुरुवात आवाजाने झाली. ब्रेक दाबला की डाव्या पुढच्या चाकातून बारीक किंचाळी यायची. पॅडला पत्र्याची एक छोटी पट्टी असते, पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि ओरडते, मुद्दामच तशी दिलेली असते, म्हणून मी आपला निवांत की पॅड संपलेत, बदलू. पण सोबत ८० च्या वरून ब्रेक मारला की स्टिअरिंगही थरथरायचं. याला सगळे 'डिस्क वाकली' म्हणतात, खरं तर ती सहसा वाकत नाही, तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. कुठे जास्त घासली जाते, कुठे पॅडचं मटेरियल चिकटून बसतं, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा एवढा फरकसुद्धा पायाला आणि हाताला कळतो.

शनिवारी सकाळी हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा फेरा ढिले केले आणि मग जॅक. जॅकवर उचलून लगेच स्टँडवर टेकवली, आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवलं. यात कुणी आळस करू नका बाबांनो, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

एका वेळी एकच बाजू उघडायची असं ठरवलं होतं, म्हणजे कुठली क्लिप कुठे बसते हे विसरलो तर दुसऱ्या बाजूला जाऊन बघता येतं. (तीन वेळा जाऊन बघितलं.) स्टिअरिंग त्या बाजूला वळवून ठेवलं की मागचे बोल्ट नीट हाताशी येतात. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, काढून सस्पेन्शनच्या स्प्रिंगला तारेने टांगला. होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवायचा नाही, होज आतून फाटला तर बाहेरून कळतही नाही.

आणि इथे खरी गंमत. बाहेरचा पॅड अजून ५ मिमी शिल्लक, आणि आतला पार संपलेला, लोखंडी पाट दिसायला लागलेला. च्यायला, म्हणजे पॅड नुसते वयाने संपले नव्हते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या प्रकारच्या कॅलिपरला पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. ब्रेक सोडला की तो पिनांवर जरासा मागे ढिला व्हायला हवा. पिन जाम असेल तर कॅलिपर सरकतच नाही, सगळा भार आतल्या पॅडवर, आणि ब्रेक सोडल्यावरही तो घासत राहतो. असं दिसलं की संशय दोघांवर, पिन किंवा पिस्टन. क्लॅम्प लावून बघितला तर पिस्टन लोण्यासारखा आत गेला, म्हणजे चोर पिन. वरच्या पिनचा रबरी बूट फाटलेला, त्यातून पाणी शिरून आत गंज धरलेला. गंज सोडवणारं तेल मारलं, पान्याने इकडून तिकडे पिळत राहिलो, अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा तिच्यावर खड्डे पडलेले होते. अशी पिन घासून परत घालण्यात अर्थ नाही, बूटसकट नवा सेट आणायला लागला आणि शनिवार तिथेच संपला. नुसते पॅड आणि डिस्क बदलून मोकळा झालो असतो तर काही महिन्यांत हेच परत करत बसलो असतो.

पार्ट आणायला निघायच्या आधी डिस्कशी कुस्ती झाली होती ती सांगायची राहिली. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, दोन छोट्या स्क्रूंनी धरलेली असते. पहिला इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडीचे चार घाव घातल्यावर सुटला, दुसऱ्याची खाच मी आधीच साध्या स्क्रूड्रायव्हरने हावरटपणा करून खाल्ली होती, तो ड्रिल करून काढला. हे स्क्रू फक्त डिस्क जागेवर राहावी म्हणून असतात, खरी पकड चाकाच्या नटांची असते, त्यामुळे तुटला म्हणून घाबरायचं नाही. मग डिस्कच गंजाने हबला चिकटलेली. तिच्यावर दोन आटेवाली भोकं असतात, त्यात एम-८ बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलो, फाट्कन सुटली. हातोडीने बडवलं असतं तर बेअरिंगची वाट लागली असती.

जुनी डिस्क मोजताना व्हर्नियरने फसवलं. कडेला न घासलेली कड उंच राहते, व्हर्नियरचे जबडे तिच्यावरच टेकतात, २१.१ मिमी दाखवलं. मायक्रोमीटर आत नेऊन मोजलं तर १९.७. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली होती, २० मिमी. उजवी डिस्क २०.६ होती, पण दोन्ही बाजू सारख्याच हव्यात म्हणून तीही बदलली.

रविवार. सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे हबची डिस्क टेकते ती सपाट बाजू साफ करणं. वायर ब्रश, पॉलिश पेपर, परत ब्रश. तिथे गंजाची एक खपली राहिली तरी डिस्क तिरकी बसते, सुरुवातीला काही कळत नाही, पण ती फिरताना दर वेळी एकाच जागी पॅडला घासत राहते आणि काही हजार किमीनंतर थरथर परत. नवी डिस्क नटांनी वायसर लावून आवळली आणि डायल गेज लावून ती फिरताना किती डुलते ते बघितलं, ०.०३ मिमी. साधारण ०.०५ च्या आत असलं की मी झोपतो शांत.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसून काढलं. ब्रॅकेटवर (कॅलिपर आणि पॅड ज्यात बसतात ती चौकट) पॅडच्या क्लिपांखाली गंज फुगला होता, त्याने पॅड घट्ट बसतात, तो कानशीने उतरवला. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता माझा गाढवपणा. पिनांना ग्रीस लावायचं ते रबराला चालणारं सिलिकॉनचं, साध्या पेट्रोलियम ग्रीसने बूट फुगतात, हे मला माहीत होतं. पण किती लावायचं? मी भोक भरून टाकलं. पिन आत ढकलली की स्प्रिंगसारखी बाहेर, परत ढकलली परत बाहेर, आत अडकलेली हवा आणि ग्रीस तिला टिकूच देईना. सगळं पुसून पातळ थर लावला तेव्हा बसली. आणि दुसरं, दोन्ही पिना सारख्या नसतात, एकीच्या टोकाला रबरी बाही असते, कुठली वर कुठली खाली हे मी फोटो काढून ठेवलं होतं म्हणून वाचलो.

पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, आधीच सिरिंजने थोडं काढून घेतलं, तरी एक थेंब मडगार्डवर पडला, लगेच पाण्याने धुतला, नाहीतर रंग उठतो. ऑइल डॉट ४ आहे, कोरडं असताना २३० अंशाला उकळतं पण हवेतलं पाणी शोषून हाच आकडा १५५ वर येऊ शकतो, त्यामुळे ते बदलणं पुढच्या यादीत.

बोल्ट टॉर्क रेंचने, माझ्या गाडीला ब्रॅकेट १०० न्यूटन मीटरच्या आसपास, पिनचे बोल्ट ३० च्या आसपास, तुमचे आकडे तुमच्या मॅन्युअलमधूनच घ्या. चाकाचे नट ताऱ्यासारखे समोरासमोर.

सगळं झाल्यावर भाच्याला सीटवर बसवून पेडल दाबायला सांगितलं. पोराचा चेहराच उतरला, "मामा, हे तर तळालाच लागतंय!" लागणारच, पिस्टन मागे ढकललेले होते. इंजिन बंद ठेवून आठ-दहा वेळा दाबायला लावलं, पेडल दगडासारखं झालं, टाकीतली पातळी बघितली. हे न करता गाडी गिअरमध्ये टाकली की पहिला ब्रेक भिंतीचाच.

मग नवे पॅड डिस्कवर नीट रुळावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारत चालवली. ६० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्ये जरा चालू देऊन, नऊ वेळा. सहाव्या-सातव्याला जळका वास आला, तो येतोच. नंतर दहा मिनिटं ब्रेकला जवळजवळ पाय न लावता चालवत राहिलो. गरम डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा उमटतो, आणि मग थरथर पुन्हा सुरू.

आज ४०० किमी झाले. किंचाळी नाही, थरथर नाही. नेहमीच्या फेरीनंतर तापमानाची बंदूक मारली, डावी ६२, उजवी ६०. आधी मोजून ठेवलं असतं तर जाम पिन तेव्हाच पकडली असती, पण सुचलं नाही. उजव्या बाजूच्या पिना सरकतायत, बूटही शाबूत होते, तरी तिथलाही सेट मागवून ठेवलाय. ऑइल बदलताना त्याही घालीन. मागचे ड्रम अजून उघडलेले नाहीत, तिथल्या स्प्रिंगा उडाल्या तर शोधायला भाचा तयार आहे म्हणतोय.