लार्डालचा बोगदा: साडेचोवीस किलोमीटर जागं राहायचं कसं

नॉर्वेत बर्गनहून ओस्लोकडे निघालं की ई-१६ महामार्गावर गुडवांगेनचा ११ किलोमीटरचा बोगदा लागतो. पुढे फ्लोम, मग ऑर्लंड, आणि तिथून थेट डोंगराच्या पोटात शिरायचं. लार्डालचा बोगदा २४.५ किलोमीटरचा आहे, २००० सालच्या नोव्हेंबरात खुला झाला. टोल नाही. एकाच बोगद्यातून दोन्ही दिशांची वाहतूक चालते, मध्ये दुभाजक नाही, वेगमर्यादा ८०. म्हणजे जवळजवळ वीस मिनिटं आत.

आत गेल्यावर भीती वाटेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात आला तो कंटाळा, आणि खरा धोका तोच. दोन्हीकडे तोच खडक, तेच दिवे. काही किलोमीटरनंतर वेगाचा अंदाज सुटतो आणि काटा न बघता पाय दाबला जातो. शिवाय भिंत अंगावर येतेय असं वाटून चालक नकळत मध्यरेषेकडे सरकतो, तेही समोरून ट्रक येत असताना!

हे सगळं आराखडा करणाऱ्यांनी आधीच ओळखलं होतं. रचना ठरवताना मानसशास्त्रज्ञांना सोबत घेतलं होतं. साधारण दर सहा किलोमीटरवर एक, अशा तीन प्रशस्त गुहा खोदल्या आहेत. छतावर निळा प्रकाश, खाली कडेला पिवळा. पहाट होतेय असा भास होतो. पहिली गुहा दिसली तेव्हा आवळलेले खांदे आपोआप सैल झाले. त्याहून मोठं काम मला हे वाटलं की पुढची गुहा कधी येतेय याची वाट बघत मन जागं राहतं. न संपणारा एक बोगदा चार छोट्या बोगद्यांत वाटला जातो. रस्त्याला हलकी वळणंही आहेत. चाक मध्यरेषेवर गेलं की तिथल्या खाचांमुळे गाडी थरथरते. इतका माणसाचा विचार करून बांधलेला रस्ता मी दुसरा पाहिलेला नाही.

जाणाऱ्यांनी शिरण्याआधी गॉगल काढावा, पेट्रोल किंवा चार्जिंग बघून घ्यावं. समोरची वाहतूक असते, म्हणून अप्पर लाइट नको. गुहेत फोटोसाठी गाडी थांबवू नका; शेजारी बसलेल्याला चालत्या गाडीतून काढू द्या. झोप येत असेल तर ऑर्लंडलाच थांबून कॉफी घ्या. आत कुणी अग्निशामक उचलला तर ‘वळा आणि बाहेर पडा’ अशा अर्थाच्या पाट्या पेटतात. तसं दिसलं तर पुढे काय झालंय ते बघायला जायचं नाही, वळण्याच्या जागेवरून मागे फिरायचं. देखभालीसाठी काही रात्री बोगदे बंद ठेवतात, तेव्हा उशिरा निघणार असाल तर नॉर्वेच्या रस्ते प्रशासनाच्या संकेतस्थळावर आधी पाहा.

बंद जागेचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल तर उन्हाळ्यात ऑर्लंडहून डोंगरावरचा जुना रस्ता घ्या. वाटेत स्टेगास्टाइन हा खालचा देखावा बघायला बांधलेला सज्जा लागतो. रस्ता अरुंद आहे, वेळ बराच जास्त लागतो आणि हिवाळ्यात बर्फामुळे घाटमाथा बंद असतो.