पंप रबाळ्याचा, कारखाना घाटावरचा

2004 साली नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत भाड्याचा गाळा, एक सेकंडहँड लेथ, मी आणि धाकटा भाऊ, एवढ्यावर काम सुरू झालं. पंपांचे शाफ्ट, स्लीव्ह असे सुटे भाग करून द्यायचे. पहिली काही वर्षं आजूबाजूच्या केमिकल कंपन्यांची किरकोळ कामं केली. मग एका ओळखीतून साखर कारखाना मिळाला आणि आमचं वर्ष दिवाळीनंतर सुरू व्हायला लागलं.

ऊस गाळपाच्या हंगामात फोन हमखास रात्री नऊनंतर येतो. "मालक, इंजेक्शन पंपाचं बेअरिंग गेलं, माणूस पाठवा." तिकडे उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. गाडीवान इंजिनिअर साहेबांवर चिडणार, साहेब आमच्यावर. सोलापूर असेल तर फिटर कल्याणला सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडतो, सकाळी तिथे. कोल्हापूरचं तसं नाही. नऊ वाजता महालक्ष्मी एक्सप्रेस निघून गेलेली असते.

त्यामुळे लहान शहराला विमानतळ हवा का, हा वाद आमच्याकडे चहाच्या वेळी नेहमी रंगतो. कोल्हापूरला तो संस्थानी काळापासून, 1939 पासून आहे. म्हणजे धावपट्टी होती, विमान कधी असायचं, कधी नसायचं. लहान शहरांना स्वस्त विमान देणाऱ्या सरकारी उडान योजनेत निम्म्या जागांना तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा आली, तेव्हा मीही हुरळून फिटरचं तिकीट काढलं. मुंबईला सिक्युरिटीत त्याचा बेअरिंग ओढून काढायचा पुलर आणि पाने अडवले. परत काउंटरवर जाऊन पिशवी लगेजमध्ये टाकली, तर 15 किलोच्या वर भरली. जादा पैसे भरले. मग विमानच रद्द झालं. बिचारा संध्याकाळी रबाळ्याला परत आला आणि रात्री महालक्ष्मीनंच गेला.

विमान कंपनीला मी फार दोष देत नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळची मोक्याची वेळ सत्तर माणसांच्या विमानाला द्यायची की दोनशेच्या, याचं उत्तर दुकानदारालाही कळतं. कोल्हापूर, सोलापूरची अडचण त्यांच्या गावात कमी आणि आमच्या मुंबईत जास्त आहे. आणि आम्हाला विमान हवं ते पहाटेचं. दुपारी बाराला पोचवणाऱ्या विमानापेक्षा सिद्धेश्वर बरी.

सोलापूरनं तर विमानाच्या वाटेत येते म्हणून चिमणी पाडली. 2023 च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची. आम्ही साखरेवर जगणारी माणसं, टीव्हीवर ती खाली येताना बघून गाळ्यात कुणी बोललं नाही. शहराला विमान हवं हे मलाही पटतं. पण चिमणी पडली म्हणजे रोजचं विमान आलं असं होत नाही, हेही तेवढंच खरं.

आता नवी मुंबईचा विमानतळ आमच्या दारात आलाय. 25 डिसेंबर 2025 पासून विमानं सुटायला लागली. अंधेरीच्या विमानतळावर जाताना ऐरोली पुलापासून जो जीव जातो, तो वाचेल. आमचा टर्नर कोंबडभुजे गावचा. त्याचं जुनं घर या विमानतळात गेलं. घर कुठे होतं ते दाखवायला उलव्याचा डोंगरही उरला नाही, असं तो म्हणतो आणि जॉब लेथच्या चकमध्ये लावतो. त्याच्यासमोर मी "किती सोय झाली" असं मोठ्यानं म्हणत नाही.

आज आम्ही चौदा जण आहोत, संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आहे, गाळा स्वतःचा. एक शहाणपण त्या रद्द विमानाच्या फेरीतून आलं: कोल्हापूर आणि सोलापूरच्या एकेका गिऱ्हाइकाच्या स्टोअरमध्ये आमची हत्यारांची पेटी ठेवली. पुलर, डायल गेज, फिलर गेज, सगळं कुलपात. फिटर आता डबा आणि बेअरिंग घेऊन निघतो. या हंगामात नवी मुंबईहून पाठवून बघायचं ठरलंय. सिद्धेश्वरचं तिकीट मात्र तो स्वतःच काढून ठेवतो. मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.