डाव्या कानातली जवारी

गणपती होऊन गेले होते, रात्रीची वेळ होती आणि मी शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं एक जुनं ध्वनिमुद्रण ऐकत बसलो होतो. डाव्या कानात तानपुरा असा काही झणकारत होता की मी डोळे मिटून घेतले. दोन-तीन दिवस मी त्याच आनंदात होतो. मग कुणाची तरी मुलाखत ऐकताना, बोलणाऱ्याच्या जाड आवाजामागेही तीच झणझण ऐकू आली आणि पोटात गोळा आला. तेव्हा कुठे लक्षात आलं, मन्सूरांचं ते ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. त्यात तानपुरा एकट्या डाव्या कानात येईलच कसा?

माझा हेडफोन सेनहायझरचा एचडी ६००. हे मॉडेल १९९७ साली आलं. मी माझा २०१३ साली घेतला, निळसर संगमरवरी नक्षीचा. ३०० ओहमचा असल्यामुळे फोनला लावून त्याचं काही खरं नाही, छोटा का होईना अ‍ॅम्प (आवाजाला जोर देणारं यंत्र) लागतो. पण मी तो निवडला तो आवाजासाठी आणि तितकाच त्याच्या उघडण्याजोगेपणासाठी. कानावरच्या गाद्या ओढल्या की निघतात, जाळ्या निघतात, दोन्ही बाजूंच्या वायरी सुट्या होतात. चिकटवून बंद केलेल्या वस्तूवर माझा जीव बसत नाही.

दोष अ‍ॅम्पचा की हेडफोनचा, हे आधी बघितलं. वायरींची डावी-उजवी टोकं अदलाबदल केली. (पिनांपैकी एक जाड, एक बारीक असते, त्यामुळे उलटी बसण्याची भीती नाही.) झणझण डावीकडेच राहिली, म्हणजे दुखणं हेडफोनचंच. मग अगदी हळू आवाजात २० हर्ट्झपासून वर चढत जाणारा सलग सूर वाजवला. साठ-सत्तरच्या आसपास किरकिर स्पष्ट आली, दोनशेच्या पुढे गायब. खालच्या सुरांना हेडफोनमधला आवाज काढणारा पडदा जास्त हलतो, त्यामुळे त्याला काही टेकत असेल तर ते तिथेच बोलतं.

गादी काढली. आतली फोमची चकती बोट लावताच भुगा झाली. दिव्याखाली धरल्यावर ड्रायव्हरच्या, म्हणजे पडदा आणि चुंबक असलेल्या भागाच्या, जाळीतून आत गेलेला एक केस दिसला, जेमतेम दोन सेंटिमीटरचा, एक टोक पडद्याला टेकलेलं. स्टीलचा चिमटा आत चुंबकाकडे खेचला जातो आणि पडदा फाटायला तेवढं पुरतं, म्हणून प्लास्टिकचा घेतला. श्वास रोखून केस ओढला. पुन्हा तोच सूर वाजवला, स्वच्छ. तानपुऱ्यात घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी, म्हणजे तारेची झणकार, उघडतात. माझ्या हेडफोनात एका केसानं तेच काम चालवलं होतं!

हात लागलेच होते तर सगळंच केलं. आम्ही चिपळूणचे, इथे पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. पिनांवर हिरवट थर धरला होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला. गाद्या दरवर्षी मी उन्हाळ्यातच रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतो, पिळत नाही, पंचात दाबून सावलीत दोन दिवस ठेवतो. या वेळी मात्र त्या चपट्याच झाल्या होत्या, नवीन मागवल्या. गादी चपटी झाली की कान ड्रायव्हरजवळ जातो आणि आवाज कोंदट होतो. हे इतकं हळूहळू होतं की नवीन गादी घालेपर्यंत कळत नाही. नवीन घातल्यावर मन्सूरांचा 'आ'कार एकदम मोकळा झाला. मी बायकोला हाक मारून ऐकायला लावलं. आता हेडफोन घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत. नारिंगी दाणे घ्या, निळ्यांत कोबाल्ट असतं. दाण्यांचा रंग बदलला की तापवून परत वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या कढईत नको.

एक सुधारणा मात्र स्क्रूड्रायव्हरशिवायची. एचडी ६०० खालच्या सुरांत उतरत जातो. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर येतो, म्हणजे नेमका त्या उताराला. संगणकावर इक्वलायझर एपीओ या आवाज कमी-जास्त करण्याच्या प्रोग्रॅममध्ये १०५ हर्ट्झच्या खाली ४ डेसिबल उचलले आणि आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी तेवढीच खाली आणली. तानपुऱ्यात फारसा फरक पडला नाही, कारण त्याचा जीव वरच्या स्वरांशांतच असतो. पण तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याची मींड, म्हणजे सुराची घसरण! तळहाताचा दाब वाढताना ती वर चढते, ते आता पोटात जाणवतं. सहापर्यंतही उचलून पाहिलं, तर गाण्यावर सावली पडली. चारवरच ठेवलंय.

सगळं जोडून झाल्यावर रात्री मन्सूर परत लावले. तानपुरा दोन्ही कानांच्या मध्ये, गळ्याच्या जरा मागे जाऊन बसला होता.