अँगलाज सराव, नोंद ३ : ले सांतिएहून परतल्यावर

स्वित्झर्लंडमधल्या ले सांतिएतल्या जेगर-लकुल्त्र या घड्याळ कंपनीच्या कारखान्यात गटाचा सगळ्यात जास्त वेळ सजावटीच्या टेबलापाशी गेला. ब्रिज म्हणजे घड्याळाच्या यंत्रातली चाके वरून धरून ठेवणारी धातूची पट्टी. तिची धार ४५ अंशांत उतरवून आरशासारखी चमकवायची, हे अँगलाज. खरी परीक्षा आतल्या कोपऱ्याची. फिरणारे कटर गोल असते, ते आत वळणाऱ्या कोपऱ्यात गोलाई सोडतेच. दोन उतार एका टोकदार रेषेत भेटलेले दिसले, की तिथे हाताने काम झाले आहे हे लूपखाली (डोळ्याला लावायच्या भिंगाखाली) लगेच कळते.

सध्याचा सराव ईटीए ६४९७ या स्विस घड्याळयंत्राच्या टाकाऊ ब्रिजवर. यंत्र ३६.६ मिमी व्यासाचे, त्यामुळे भाग मोठे आणि धरायला सोपे. हवा तसा कोपरा त्यात नव्हता, म्हणून सोनाराच्या करवतीने एक खाच कापून घेतली.

क्रम महत्त्वाचा. आधी ब्रिजची उभी बाजू एकाच दिशेने घासून घ्यावी. ती नंतर घासली तर तयार उताराची कड जाते. मग अतिबारीक कानशीने सुमारे ०.२ मिमी रुंदीचा उतार. त्यावर १० आणि ५ मायक्रॉनची अपघर्षक पट्टी, शेवटी ३ आणि १ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट. दर टप्प्याला भाग बेंझिनमध्ये (म्हणजे पेट्रोलियम नॅप्था, विषारी बेंझीन नव्हे) धुवायचाच. जाड पेस्टचा एक कण मागे राहिला तरी चमकीवर ओरखडा उमटतो आणि दोन टप्पे मागे जावे लागते.

पेस्टसाठी काडी जेन्शनची. ज्युरा डोंगरांतल्या कुरणांमधल्या या झाडाचे वाळलेले देठ तिथले कारागीर पूर्वीपासून वापरत आले आहेत. आतला गाभा मऊ, पेस्ट धरून ठेवतो, आणि ब्लेडने हवे तसे टोक काढता येते. पेगवुड (घड्याळजींची नेहमीची लाकडी काडी) चालते, पण ते कडक. जरा जोर पडला की खुणा राहतात. काडी कुठलीही असो, टोक बोथट झाल्यावर तशीच फिरवत राहिलो तर कोपरा हमखास गोल होतो. दर पाच-सहा फेऱ्यांनी टोक नव्याने तासावे, आणि काडी कोपऱ्याकडे न्यावी, कोपरा ओलांडून नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी : ६४९७ चा ब्रिज पितळी, वर मुलामा. कानस लागताच पिवळे पितळ उघडे पडते. चालू घड्याळात तो बसवायचा असेल तर पुन्हा मुलामा द्यावा लागेल, आणि त्याआधी ज्वेल (चाकांची टोके ज्यांत फिरतात ते खडे) काढून ठेवावेत.

सरळ धार सोपी वाटते, पण वळणापेक्षा तीच अवघड, कारण रुंदीतला किंचित फरकही लांब रेषेवर उठून दिसतो. जेगर-लकुल्त्रचे रिव्हर्सो घड्याळ आठवावे : भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पोलोसाठी १९३१ मध्ये घडवलेले. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांतले ८२२ कॅलिबर (यंत्र) आयताकृती, म्हणजे कडा लांब आणि सरळ. ते जवळून पाहिल्यापासून आदर दुणावला आहे.

तिसऱ्या ब्रिजवर बाहेरचे वळण जमले. आतला कोपरा १० पट लूपखाली अजून गोलसर दिसतो. चौथ्यावर खाच ९० ऐवजी १२० अंशांची कापून बघायची.