आमची वाटचाल : मोडक्या ऑर्गनच्या भांडवलावर

जुन्या नाशकात, भद्रकालीच्या अलीकडे आमचं दुकान आहे. पाटीवर 'हार्मोनियम व ऑर्गन दुरुस्ती, विक्री' असं लिहिलंय, पण गिऱ्हाईक 'पेटीवाले' एवढंच म्हणतं. आजोबांनी सुरू केलं, बाबांनी वाढवलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो.

आजोबा मूळचे सुतार. एका फिरत्या नाटक कंपनीत पडदे आणि चौकटी ठोकायला होते. कंपनीचा ऑर्गन, म्हणजे पायाने भाता चालवायची मोठी पेटी, दर मुक्कामाला काहीतरी दुखणं घेऊन उतरायचा. कधी पायट्याचा पट्टा तुटलेला, कधी भात्याला चीर. जवळ सुतार आहे म्हटल्यावर काम त्यांच्याच गळ्यात पडायचं. पुढे कंपनी बुडाली आणि थकलेल्या पगारापोटी मालकांनी त्यांना तोच ऑर्गन देऊन वाटेला लावलं. आमचं भांडवल ते एवढंच.

मराठी संगीत नाटकाची मोठी उडी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून, म्हणजे १८८० पासून धरतात. देवलांचं 'शारदा' १८९९ चं. नाशिककरापुढे 'शारदा'चं नाव काढलं की २१ डिसेंबर १९०९ ची रात्र आलीच. विजयानंद थिएटरात त्या नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. दुकानात जुनी मंडळी बसली की कान्हेरेंवर, खटल्यावर तासभर बोलणं चालायचं. बाबा मात्र मध्येच विचारायचे, "पण पेटीवर कोण होतं?"

बोलपटाने संगीत नाटक मारलं असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्याच वर्षी आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढे १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झाले कोण, तर हेच टेंबे, आणि संगीतही त्यांचंच. पेटीवाला माणूस बोलपटाचा नायक झाला, त्यामुळे आमच्या घरात बोलपटाला कधी कोणी शिव्या दिल्या नाहीत. कंपन्या बुडाल्या त्या संसार पेलेना म्हणून. पन्नास-साठ माणसांचं बिऱ्हाड, स्वयंपाकी, रेल्वेभाडं, जरीचे शालू, सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला थिरकवाँ खाँसाहेबांसारखे वादक. तिकीटखिडकी एक महिना थंड पडली की कर्ज वाढलंच.

आजोबांनी दुकान टाकलं ते स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी. नाटक कंपन्या जवळजवळ संपलेल्या. रेडिओवर तर १९४० पासून पेटीला बंदीच होती, ती १९७१ ला उठली. अशा दिवसांत पेटीचं दुकान चाललं ते भजनी मंडळांच्या जिवावर. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. तिच्या महिनाभर आधी दिंडोरी, सिन्नर, निफाडकडच्या पेट्या दुकानात येऊन पडायच्या. आजही पडतात. भात्यात उंदराने घर केलेलं, पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकलेल्या, सुरांना, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी जिभांना, हिरवट गंज. वारकरी गातात उंच, त्यामुळे त्यांच्या पेटीचे वरचे सूर आधी दमतात.

सूर लावणं हे खरं काम. पितळेची ती बारीक जीभ टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही, म्हणून बाबा कानस एकदा फिरवायचे आणि तीनदा ऐकायचे. हार्मोनियमचे सूर पालिताण्याहून, दिल्लीहून मिळतात. ऑर्गनचं तसं नाही. त्याचा भाता हवा आत ओढतो आणि प्रत्येक सूर आपल्या खाचेत बसलेला असतो, आकड्याने ओढून काढावा लागतो. जुना सूर तुटला तर दुसऱ्या मेलेल्या ऑर्गनमधला काढून बसवायचा. त्यासाठी माळ्यावर मेलेले ऑर्गन जपून ठेवलेत. घरच्यांना ते भंगार वाटतं.

हल्ली पोरं मोबाइलवर ट्यूनर लावून बघतात आणि आमचा गंधार उतरलाय म्हणतात. तो मुद्दाम उतरवलेला असतो. एकाच पट्टीत गाणाऱ्या बाई येऊन सांगतात, "दादा, गंधार थोडा खाली हवा, कानाला टोचतो." गाण्याच्या सगळ्या पट्ट्यांना सारखं वागवायचं म्हणून पेटीत तो जरा चढाच ठेवलेला असतो. पेटीला बंदी घालणाऱ्या रेडिओवाल्यांची तक्रार यातूनच होती आणि ती अगदीच खोटी नव्हती, हे पेटीवाला असून मी म्हणतो.

साठच्या दशकात संगीत नाटकाने पुन्हा उचल खाल्ली. आपल्या नाशिकच्या वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' १९६४ चं, संगीत अभिषेकीबुवांचं. त्या पाच-सात वर्षांत ऑर्गनची इतकी कामं आली की बाबांनी हाताखाली दोन माणसं ठेवली. मग ऑर्केस्ट्रे आले, कॅसिओ आले, माणसं गेली. दोन वर्षं आम्हीही कीबोर्ड विकले. विक्री झाली, पण दुरुस्तीला सर्किट बोर्ड कंपनीकडे धाडायचा आणि तिथून महिनोन्महिने उत्तर नाही, शिव्या आम्हाला. बाबांनी शोकेस रिकामी केली आणि तिथे पुन्हा पेट्या मांडल्या.

आज दुरुस्तीचं निम्मं काम भजनी मंडळांचं, बाकी गाण्याच्या क्लासचं. सिंहस्थात उत्तरेकडच्या आखाड्यांच्या पेट्याही येतात. त्या इतक्या कडक वाजवलेल्या असतात की पट्ट्यांना खळगे पडलेत. नाटकाचं म्हणाल तर नाट्यगीतांचे कार्यक्रम भरपूर होतात, अख्खं नाटक क्वचित. पदं ऐकायला कालिदास कलामंदिर भरतं, पण तेच नाटक पुऱ्या अंकांनी लावलं तर पहिल्या दोन रांगा सोडून बाकी खुर्च्या मोकळ्या. हौशी मंडळी राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत विभागात उतरतात, तेवढ्यापुरता आजोबांचा ऑर्गन भाड्याने जातो.

त्याचे नियम ठरलेत. टेम्पोत आमचा माणूस सोबत बसणार. तालमीला एक दिवस, प्रयोगाला एक दिवस. वर चहाचा कप ठेवायचा नाही. भाडं आगाऊ, कारण नाटकवाल्यांची थकबाकी कशात मिळते ते आमच्या घरात माहीत आहे.